घराला राखणदार हवाय, पण बजेट बेताचे? कुत्रा निवडण्याआधी आणि वाढवताना काय पाहावे?

एक उदाहरण घेऊ. चाकणजवळच्या एका नव्या वसाहतीत छोटेसे बैठे घर. नवऱ्याची महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. घरात बायको, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. मागच्या बाजूला मोकळे प्लॉट, रस्त्यावर दिवे अर्धवट. शेजारच्या गल्लीत चोरी झाल्याचे कळते आणि त्या रात्री घरात विषय निघतो, ‘एक चांगला कुत्रा आणू या.’

इथून पुढे बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. मोबाइलवर ‘रॉटवायलर पप्पी किंमत’ शोधले जाते, ओळखीतून कुणी तरी पिल्लू आणून देतो आणि मागच्या अंगणात साखळी ठोकली जाते. वर्षभरात ते पिल्लू ३५–४० किलोचे होते. पाहुण्यांवर धावून जाते, रात्रभर भुंकते, त्याचा खर्च झेपत नाही आणि शेवटी ‘कुणाला हवा असेल तर सांगा’ असा मेसेज ग्रुपवर फिरतो.

हे टाळता येते. राखणीचा कुत्रा कमी खर्चात ठेवता येतो. त्यासाठी निर्णयांचा क्रम मात्र बदलावा लागतो. आधी गरज, मग खर्च आणि सर्वांत शेवटी जात.

गरज नेमकी कशाची? भुंकणाऱ्याची की चावणाऱ्याची?

‘राखणदार कुत्रा’ या एका शब्दात तीन वेगवेगळी कामे दडलेली असतात.

पहिले काम इशारा देण्याचे. अनोळखी हालचाल दिसली की भुंकायचे आणि घरच्यांना उठवायचे. दुसरे काम अडवण्याचे. दारात उभे राहून परक्याला पुढे येऊ द्यायचे नाही. तिसरे काम आदेशावर हल्ला करण्याचे आणि आदेशावरच सोडण्याचे. हे तिसरे काम पोलीस आणि लष्करी पथकांतल्या कुत्र्यांचे. त्यामागे निवडक वंश, अनुभवी हँडलर आणि रोजचा सराव असतो.

चाकणच्या त्या घराला पहिले काम हवे आहे. चोराला रिकामे, अंधारे आणि शांत घर सोयीचे वाटते. कुत्रा भुंकला की शांतता मोडते, घरचे जागे होतात, शेजारचा दिवा लागतो. एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते. यासाठी ४० किलो वजन लागत नाही. १५–२० किलोचा सावध कुत्राही हे चोख करतो.

‘चावायला शिकवलेला’ अर्धवट प्रशिक्षित कुत्रा मात्र घरासाठीच धोका ठरतो. चोर वर्षातून एकदाही येणार नाही. दूधवाला, गॅस सिलिंडरवाला, पार्सल देणारा मुलगा आणि मुलीच्या मैत्रिणी मात्र रोज येणार.

मग जात कोणती घ्यावी?

जातीवरून स्वभाव ठरतो, हा समज पक्का आहे. तो बराचसा अपुरा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास करून काढलेले निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, यातला केवळ ९ टक्के भाग जातीने समजावता आला. उरलेल्यात त्या कुत्र्याचे स्वतःचे आईबाप, वय, वाढ आणि अनुभव येतात.

म्हणजे जात निरर्थक आहे असे नव्हे. आकार, केस, ऊर्जा आणि आजार यांचा अंदाज जातीवरून येतो. बेताचे बजेट असलेल्या घराने प्रमुख पर्यायांकडे असे पाहावे :

– गावठी किंवा देशी कुत्रा : आपल्या हवेत रुळलेला, आखूड केसांचा, वजन साधारण १५–२० किलो. कान तिखट आणि स्वतःच्या हद्दीबद्दल मुळातच जागरूक. विकत घ्यावा लागत नाही. केस कापण्याचा, एसीचा खर्च नाही. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घरासाठी सर्वांत व्यवहार्य.

– कारवानी किंवा मुधोळ : मराठवाडा, सोलापूर आणि शेजारच्या कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा शिकारी कुत्रा. डोळ्यांनी सावज हेरून पळणे हा त्याचा मूळ धर्म. शेतावर, मोकळ्या जागेत उत्तम. गल्लीतल्या छोट्या घरात मात्र मांजर दिसले की हातातला पट्टा सुटलाच समजा. रोज धावायला जागा नसेल तर घेऊ नये.

– जर्मन शेफर्ड : हुशार, शिकण्यास तयार आणि राखणीसाठी नावाजलेला. पण अंगावर केसांचे दुहेरी आवरण, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाल. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक आजार या जातीत वारंवार दिसतो.

– लॅब्राडोर : प्रेमळ. भुंकून इशारा देईल, पण चोराकडून बिस्कीट घेण्याचीही शक्यता तेवढीच. मुलांच्या घरासाठी चांगला, खाण्याचा खर्च जास्त, वजन पटकन वाढते.

– डॉबरमन, रॉटवायलर : अनुभवी मालक, रोजचा वेळ आणि मोठे बजेट असेल तरच. डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूंचा आजार आनुवंशिक आहे. पहिला कुत्रा म्हणून दोन्ही टाळावेत.

पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?

पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो. दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो. मुलांजवळ कसा वागतो, अनोळखी माणसाला पाहून भुंकतो की शेपूट घालतो, फटाक्याला किती घाबरतो, हे सगळे पाहून निवड करता येते. प्राणी निवाऱ्यांमध्ये असे लसीकरण आणि नसबंदी झालेले कुत्रे दत्तक मिळतात. पहिल्या वर्षाचा मोठा खर्च आणि चावरे दात, दोन्ही वाचतात.

रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याची वाट कायद्यानेही मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, प्राणीप्रेमींना स्थानिक पालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेता येईल, असे म्हटले आहे. अट एकच. तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

पिल्लूच हवे असेल तर ते आठ आठवड्यांपेक्षा लहान नको. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही. प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणेही बंधनकारक आहे. त्यामागे कारण आहे. आई आणि भावंडांबरोबरच्या त्या आठवड्यांत पिल्लू ‘किती जोरात चावले की समोरच्याला लागते’ हे शिकते. जे पिल्लू हे शिकलेच नाही, ते पुढे मुलांच्या हाताला दात लावते.

घेताना एक तपासणी चुकवू नये : पिल्लाची आई पाहा. ती अंगावर येत असेल किंवा कोपऱ्यात थरथरत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरावे. आई दाखवायलाच नकार मिळाला, तर व्यवहार तिथेच संपवावा.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

पिल्लाची किंमत हा सर्वांत लहान खर्च. खरा खर्च महिन्याचा असतो. २० किलोच्या गावठी कुत्र्याचा ढोबळ हिशेब असा. दर शहरागणिक कमी-जास्त होतील, पण मांडणी हीच राहील.

– घरचे खाणे : दोन अंडी, १५० ग्रॅम चिकन, २०० ग्रॅम ज्वारी किंवा तांदूळ, थोडा लाल भोपळा किंवा गाजर. दिवसाला साधारण ६५ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,००० रुपये.
– गोचीड आणि जंतांची औषधे : महिन्याला सरासरी ३०० रुपये.
– आजारपणासाठी बाजूला ठेवायची रक्कम : महिन्याला ५०० रुपये.

एकूण महिन्याला २,८०० आणि वर्षाला ३३,६०० रुपये. पहिल्या वर्षी त्यात लसी (सुमारे ३,५००), खासगी दवाखान्यातील नसबंदी (सुमारे ६,०००) आणि पट्टा, भांडी, अंथरूण (१,५००) असे ११,००० रुपये मिळवा. पहिले वर्ष ४४,६०० रुपयांचे. पुढे दरवर्षी लसीचे सुमारे १,००० रुपये धरले, तर १२ वर्षांच्या आयुष्याचा आजच्या दराने खर्च सव्वाचार लाखांच्या आसपास जातो. ‘फुकट’ आणलेल्या कुत्र्याची ही खरी किंमत.

वजन २० किलोवरून ३५ किलोवर गेले की खाणे साधारण दीडपट होते. म्हणजे केवळ खाण्यावर वर्षाला १२ हजार रुपये जास्त. औषधांची मात्राही वजनावर ठरते, त्यामुळे तो खर्चही वाढतो. मोठा कुत्रा महाग पडतो तो इथे.

कुठे बचत करावी, कुठे करू नये?

बचतीच्या जागा बऱ्याच आहेत. तालुक्याच्या ठिकाणी असलेले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने, मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तसेच शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये येथे खासगी दवाखान्यांच्या तुलनेत कमी खर्चात उपचार मिळतात. महागडे खेळणे नको, जुन्या सुती कापडाची गाठ पुरते. फॅन्सी बेड नको, गोणपाटावर जुनी चादर चालते.

तीन ठिकाणी मात्र काटकसर उलटते.

पहिली, लस. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण १६ आठवड्यांपर्यंत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि त्यानंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी बूस्टर. पार्व्हो झालेल्या पिल्लाला काही दिवस सलाईनवर ठेवावे लागते. तो खर्च सगळ्या लसींच्या मिळून होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त होतो आणि इतके करूनही अनेक पिल्ले वाचत नाहीत.

दुसरी, खाणे. दूध-चपाती किंवा वरण-भातावर कुत्रा जगतो, पण वाढत नाही. प्रथिने कमी, कॅल्शियम कमी, त्यामुळे पाय वाकडे आणि केस निस्तेज. घरचे खाणे देताना कॅल्शियम किती द्यायचे हे पशुवैद्यकांना विचारावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट विषारी ठरू शकतात. शिजवलेली हाडे तडकून घशात आणि आतड्यात रुततात.

तिसरी, गोचीड. गोचिडीतून पसरणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो. रक्तातील प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येते आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. महिन्याच्या औषधाची चालढकल इथे महागात पडते.

साखळीला बांधून ठेवला तर चांगला राखणदार होतो का?

होत नाही. हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा गैरसमज.

कुत्र्याकडे अलार्म म्हणून पाहिले तर मुद्दा लगेच कळतो. पावसाच्या थेंबालाही वाजणारा अलार्म लोक दोन दिवसांत बंद करून टाकतात. मागच्या अंगणात दिवसभर बांधलेला कुत्रा कंटाळून पानाच्या सळसळीवरही भुंकतो. आठवड्याभरात घरचे त्याच्या भुंकण्याकडे दुर्लक्ष करू लागतात. चोर खरेच आला, तरी कुणी उठत नाही.

उलट जो कुत्रा घरच्यांमध्ये वावरतो, दाराजवळ झोपतो, तो घरातले नेहमीचे आवाज ओळखतो. सासूबाईंची रात्रीची उठबस, शेजाऱ्याची दुचाकी, पहाटेची दुधाची गाडी याला तो सरावतो. त्यामुळे तो भुंकला की काहीतरी वेगळे आहे, हे घरच्यांना समजते.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर अशा बिबट्यांच्या पट्ट्यात तर साखळी म्हणजे मृत्यूला आमंत्रण. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातून त्यांच्या खाण्याचा अंदाज घेतला गेला, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बाहेर बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही, शिवाय बिबट्याला घराच्या उंबरठ्यापर्यंत आणतो. या भागात रात्री कुत्रा घरात किंवा वरून-बाजूने बंद असलेल्या भक्कम जाळीतच हवा.

कायदाही साखळीच्या बाजूने नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ११ आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे आणि प्राण्याला सोडून देणे, हे तिन्ही गुन्हे ठरवते.

शिकवायचे काय आणि कधी?

पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हा ओळखीचा काळ. या काळात जे शांतपणे पाहिले-ऐकले, ते त्याला पुढे ‘नेहमीचे’ वाटते. म्हणून लहान मुले, काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, मिक्सरचा आवाज, पाळणा, दुचाकी या सगळ्यांची ओळख याच वेळी करून द्यावी. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नये, पण कडेवर घेऊन जग दाखवता येते.

‘राखणीचा आहे, कुणाशी ओळख नको’ हा सल्ला बरोबर उलटा आहे. ज्याला माणसे ठाऊक नाहीत, तो सगळ्यांनाच घाबरतो आणि भीतीपोटी चावतो. ज्याने शेकडो साधी माणसे पाहिली आहेत, त्याला कुंपणावर चढणारा माणूस वेगळा वाटतो.

रोजची १०–१५ मिनिटे आणि हातात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. एवढ्या भांडवलावर पाच गोष्टी शिकवता येतात : नावाने बोलावल्यावर येणे, बसणे, जागेवर थांबणे, तोंडातली वस्तू सोडणे आणि दोन-तीनदा भुंकल्यावर ‘बस’ म्हटले की गप्प होणे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भुंकणे त्याचे काम, थांबवणे आपले. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरावा. आई ‘बस’ म्हणते, आजी ‘गप’ म्हणते आणि मुलगी ‘स्टॉप’ म्हणते, तर कुत्रा कुणाचेच ऐकत नाही.

खाणे नेहमी त्याच्या भांड्यातच द्यावे आणि जमिनीवर पडलेले न उचलण्याची सवय लावावी. कुंपणावरून विष घातलेला तुकडा टाकणे ही चोरांची जुनी युक्ती आहे.

मारणे, उपाशी ठेवणे, मिरची चारणे यांनी कुत्रा ‘कडक’ होत नाही. तो हाताला घाबरतो आणि एक दिवस तोच हात चावतो. पिल्लू सहा महिन्यांचे झाले तरी भुंकत नाही म्हणून घाबरू नये. हद्दीची जाणीव वाढत्या वयात येते आणि एक ते दोन वर्षांत पक्की होते. नसबंदीने राखण कमी होत नाही. भटकणे आणि नको असलेली पिल्ले मात्र टळतात.

घरातल्या मुलीचे काय?

नियम कुत्र्याइतकेच मुलांसाठीही लागतात. खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही. मिठी मारून तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. कुत्रा उठून दूर गेला तर मागे जायचे नाही. गुरगुरला तर ओरडायचे नाही, बाजूला व्हायचे. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. त्याबद्दल शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. कुत्रा कितीही गुणी असला तरी लहान मुलाला त्याच्याबरोबर एकटे सोडू नये.

आणि चावलाच तर? घरचा असो वा लसीकरण झालेला असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. लगेच सरकारी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते.

कायदा मालकाला काय सांगतो?

मुंबई, पुण्यासारख्या महापालिका क्षेत्रांत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र लागते. गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र विष्ठा उचलणे आणि बाहेर नेताना पट्टा लावणे, ही मालकाची जबाबदारी.

प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी लावली म्हणून ही जबाबदारी आपोआप संपत नाही.

‘हिंस्र’ जातींवरील बंदीबाबत अजूनही गोंधळ दिसतो. केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची विक्री आणि प्रजनन रोखण्याचे पत्र राज्यांना पाठवले होते. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. तरीही अशी जात घेण्याआधी स्थानिक पालिकेचे नियम विचारून घ्यावेत.

मग त्या घराने काय करावे?

कुत्रा हा सुरक्षेचा एक थर आहे, सगळी सुरक्षा नव्हे. आधी मागच्या दाराला आतून भक्कम अडसर, हालचालीने लागणारा दिवा आणि शेजाऱ्यांचे नंबर. त्यानंतर स्वतःला चार प्रश्न :

– महिन्याला २,८०० रुपये पुढची बारा वर्षे बाजूला काढता येतील का?
– रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास त्याला कोण फिरवणार? नाव ठरले आहे का?
– गावी गेल्यावर तो कुणाकडे राहणार?
– घरातल्या प्रत्येकाला तो हवा आहे का? विशेषतः दिवसभर त्याच्याबरोबर राहणाऱ्या सासूबाईंना?

चारही उत्तरे ‘हो’ असतील, तर निवाऱ्यातला दीड-दोन वर्षांचा, नसबंदी झालेला गावठी कुत्रा किंवा कुत्री हा त्या घरासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा पर्याय. घेण्याआधी मुलीला आणि सासूबाईंना घेऊन त्याला दोन-तीनदा भेटावे, मगच घरी आणावे.

एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर सध्या दिवा आणि अडसर पुरे. वर्षभराने रस्त्यावर सोडाव्या लागणाऱ्या कुत्र्याने त्या घराची राखण होत नाही. गल्लीला मात्र आणखी एका घाबरलेल्या, उपाशी कुत्र्याचा धोका वाढतो.